बंद फोनवरच्या बाई

छान म्हणू नका हो, पाया पडते तुमच्या. 'पूर्वीची आई, तुमची पूर्वी काय छान बोलते' असं कुणी म्हटलं की मी आधी इकडेतिकडे बघते, कारण छान बोलते म्हणजे नक्की काय बोलते ते तुम्ही अजून ऐकलेलं नाही, आणि ज्यांच्या घरी ते पोचलंय त्या बघा, त्या तिकडे भेळवाल्याच्या गाडीमागे उभ्या राहून माझ्याकडे बघून हसतायत... हसा, हसा. तुमच्याही घरात मुलं आहेत.

सरका जरा, या कट्ट्यावर अजून एक मावते. शाळा सुटायला वेळ आहे. सांगतेच आता सगळं, तिच्या तोंडून ऐकण्यापेक्षा माझ्या तोंडून ऐकलेलं बरं.

तर माझी पूर्वी दुसरीत आहे आणि ती बोलते. आता तुम्ही म्हणाल मुलं बोलतातच, पण तुम्हाला सांगते, हिचा डोळा उघडायच्या आधी तोंड उघडतं. दात घासताना फेसातून बोलते, मांजराशी बोलते, कुकरची शिट्टी झाली की कुकरला 'हो, ऐकलं' म्हणते. परवा रिक्षात बसलो तर रिक्षावाल्याला विचारते, काका, तुमची मुलगी कितवीत आहे, आणि तो बिचारा म्हणाला माझं लग्न नाही झालं अजून, तर हिने विचारलं, का नाही झालं? मी ओढणी तोंडाला लावून बाहेर बघत बसले आणि त्याने उरण नाक्यापर्यंत कारणं सांगितली.

आता अशा मुलीला धाक नको का कुणाचातरी? तिच्या बाबांचा धाक म्हणाल तर नीलेश दिवसभर कळंबोलीला गोदामात, घरी आला की तिला खांद्यावर घेतो आणि मलाच म्हणतो, बोलू दे गं, गोड बोलते. गोड! सासूबाई गावाहून, नेऱ्याहून, भाजी घेऊन येतात, त्यांना सांगितलं तर त्या म्हणतात, 'बोलते तं बोलूदे, मुकी नाय ती.' आणि माझा धाक म्हणाल, तर मी एकदा चांगले डोळे वटारून बघितलं, तर ती जवळ येऊन म्हणाली, आई, तुझ्या डाव्या डोळ्यात लाल झालंय, थेंब घाल. मग राहिलं कोण? मी सांगायचं तरी कुणाला?

राहिल्या भोईर बाई.

भोईर बाई म्हणजे हिच्या वर्गाच्या बाई. 'भोईर बाईंना सांगेन हं' एवढं म्हटलं की संपलं. ज्या पोरीने आयुष्यात दुधीला हात लावला नाही ती बाईंच्या नावाने दुधी खायची. बाईंच्या नावाने केस विंचरून घ्यायची, झोपायची, नखं कापायची. आणि नुसत्या नावाने भागेनासं झालं ना, तेव्हा मी फोन काढला. फोन कानाला लावायचा. लावायचा म्हणजे नुसताच लावायचा, नंबर कोण दाबतंय... आणि मग सुरू करायचं, 'हॅलो, भोईर बाई का? हो, पूर्वीची आई. नाही ना बाई, नाही खात. दुधी, बाई. हो, सांगते, बाई.' आणि फोन खाली घेऊन नुसतं तिच्याकडे बघायचं. की गेला घास पोटात!

तुम्हीपण करता ना? बघा, मान खाली घातली. म्हणजे करता.

मी त्या बंद फोनवर बाईंशी इतकी बोललेय, इतकी बोललेय, की खऱ्या बाई पहिल्यांदा जवळून बघितल्या तेव्हा मला वाटलं, या जरा बुटक्याच आहेत, माझ्या फोनवरच्या बाई चांगल्या उंच होत्या.

आणि मग एक दिवस खरा फोन वाजला. मी पोळी-भाजी केंद्रात होते, एसटी स्टँडच्या मागे, तिथं मी सकाळी पोळ्या लाटते, हात कणकेने भरलेले, फोन खांद्यात धरला आणि पलीकडून आवाज आला, 'मी भोईर बाई बोलते.' आणि माझ्या तोंडून काय निघालं असेल? सवयीने निघालं, 'हो बाई, नाही खात, बाई.' त्या म्हणाल्या, 'कोण काय नाही खात?'

असू दे.

त्या म्हणाल्या, पूर्वीची आई, पूर्वी वर्गात फार बोलते. शेजारणीशी बोलते म्हणून शेजारीण बदलली, तर नवीन शेजारणीला जुन्या शेजारणीचं सगळं सांगितलं. मुलांमध्ये बसवली, तर मुलं अभ्यास सोडून ऐकत बसली. भिंतीजवळ एकटी बसवली, तर भिंतीवरच्या तक्त्यातल्या गाईशी बोलते. मी चाळीस मुलांना शिकवू की हिचं ऐकू? आणि मग त्या म्हणाल्या, दुपारच्या वर्गात मुलं कमी आहेत, सोमवारपासून तिला दुपारी पाठवावं लागेल असं दिसतंय.

तुम्ही म्हणाल दुपार तर दुपार, त्यात काय. अहो, माझं सगळं त्या सकाळवर उभं आहे! ती सकाळी शाळेत, मी सकाळी पोळ्यांवर, तिची शाळा सुटते तेव्हा माझा तवा उतरतो, दोघी बरोबर घरी जातो. ती दुपारी शाळेत गेली की सकाळी ती घरात एकटी, नीलेश कामावर, सासूबाई नेऱ्याला, दाराला कडी लावून मी सात वर्षांची पोर कुणावर टाकून जाऊ? म्हणजे काम सोडा. आणि केंद्रातली ती जागा अशी आहे की एका बाईने बाळंतपणाला सुट्टी घेतली तर तिच्या पोळपाटावर दुसरी बसली, ती बसलीच. मी फोन ठेवला आणि माझ्या पोळ्यांना कोपरे यायला लागले. मालकीणबाई म्हणाल्या, हे काय, पापडाचे तुकडे लाटतेस का? आता त्यांना काय सांगू, आणि कुणाला सांगू?

गेले शाळेत. चांगला ड्रेस घातला, केस नीट बांधले, रस्ताभर वाक्यं पाठ केली. माझं काय आहे, शाळेच्या फाटकातून आत गेलं की मी परत सातवीतलीच होते. आमच्या गावच्या शाळेत सातवीपर्यंतच वर्ग होते, पुढे पनवेलला यायचं तर एसटीने, आणि वडील म्हणाले एकट्या पोरीला एसटीने नको, म्हणून मी सातवी पास. त्यामुळे मोठ्या बाईंच्या खोलीसमोरून जाताना माझ्या चपलेचासुद्धा आवाज होत नाही. तर मी भोईर बाईंसमोर हात जोडले आणि आमच्या वेळी सगळे आईबाप जे म्हणायचे तेच म्हटलं. म्हटलं, बाई, हवे तर दोन फटके द्या तिला, माझं काही म्हणणं नाही.

बाईंनी आधी दाराकडे बघितलं. मग खिडकीकडे. मग मला म्हणाल्या, 'अहो, हळू. असं बोलूसुद्धा नका इथे.'

मारायचं नाही म्हणे आता. ओरडायचं नाही, कोपऱ्यात उभं करायचं नाही, अंगठे धरायला लावायचे नाहीत. बरोबरच आहे म्हणा, माझ्या पोरीला कुणी खरंच हात लावला असता तर मीच पहिली धावून गेले असते, फटके द्या हे आपलं म्हणायला असतं. पण मी विचारलं, मग बाई, तुम्ही गप्प कसं करता यांना?

बाई म्हणाल्या, 'तुमचं नाव घेऊन.'

माझं?

'म्हणजे ज्याची त्याची आई. "पूर्वी, आईला बोलावीन हं" म्हटलं की थोडा वेळ गप्प बसते.'

तुम्हाला सांगते, माझा विश्वासच बसेना. मला घाबरते? ही? घरी जी माझ्या डोळ्यात थेंब घालायला येते ती? मला क्षणभर असं भारी वाटलं ना... पण लगेच लक्षात आलं आणि मी म्हटलं, बाई, घरी मी तुमचं नाव घेते.

म्हणजे मी इकडून बाईंच्या जिवावर, बाई तिकडून माझ्या जिवावर, आणि मधल्या मधे ती पोरगी दोघींनाही घाबरत नाही, लांब असलेल्या बाईला घाबरते फक्त. बाई म्हणाल्या, माझा मुलगा प्रितमसुद्धा घरी मुळीच ऐकत नाही, त्याला मी त्याच्या सरांचं नाव सांगते. आता ते सर कुणाच्या नावावर वर्ग चालवत असतील देव जाणे.

शेवटी ठरलं असं की मी एक दिवस वर्गात येऊन मागच्या बाकावर बसायचं. नुसतं बसायचं. आई डोळ्यांसमोर दिसली की पोरगी गप्प बसेल, एकदा गप्प बसायची सवय लागली की पुढचं बाई बघतील, मग दुपारच्या वर्गाचं काढायचं नाही. मला पटलं. आम्हा दोघींनाही पटलं. दोन बायकांनी डोकं लावून केलेली एवढी मोठी चूक पनवेलमध्ये दुसरी झाली नसेल.

कारण लांब असलेल्या बाईला जवळ आणायचंच नसतं!

केंद्रातून सुट्टी घेतली, मागच्या बाकावर जाऊन बसले. बाक एवढासा, माझे गुडघे हनुवटीला. पण काम झालं बरं का. पूर्वी हाताची घडी, तोंडावर बोट, पुतळा. मधल्या सुट्टीपर्यंत एक शब्द नाही. भोईर बाई माझ्याकडे बघून हसल्या, मी त्यांच्याकडे बघून हसले, मनात म्हटलं वाचलो... आणि मधली सुट्टी संपता संपता शिपाई आला. बाईंना तहसीलला बोलावलंय, मतदार यादीच्या कामाची बैठक, लगेच. त्यांच्याबरोबर आणखी दोन बाई आणि सरही गेले. अर्धी शाळा बिनबायांची. तेवढ्यात मोठ्या बाई व्हरांड्यातून आल्या, वर्गात डोकावल्या, त्यांना मी दिसले.

'पूर्वीची आई ना? बरं झालं, तुम्ही आहातच. शाळा सुटेपर्यंत बसा वर्गावर.'

मी म्हटलं, बाई, मी कशी... मला काही शिकवता...

'शिकवायचं काही नाही. फक्त शांत ठेवायचं.'

फक्त! म्हणजे मला म्हणाल्या असत्या की बाई, फक्त तलावातलं पाणी हलू द्यायचं नाही, तर ते सोपं होतं. आणि जाता जाता म्हणाल्या, 'तो पूर्वीच्या दुपारच्या वर्गाचा विषय आहे ना माझ्याकडे, बघू आपण. आवाज मात्र माझ्या खोलीपर्यंत येता कामा नये.'

आता सांगा. माझी सकाळ, माझा पोळपाट, माझ्या पोरीचा वर्ग, सगळं त्या पोरांच्या तोंडात.

मी खुर्चीजवळ गेले, बसायची हिंमत झाली नाही, टेबलाला धरून उभी राहिले. आणि मला येत होतं ते एकच वाक्य मी म्हटलं, आमच्या गुरुजींचं. 'हाताची घडी, तोंडावर बोट.'

चाळीस घड्या, चाळीस बोटं. मला वाटलं, जमतंय की. किती वेळ? फोडणीत मोहरी टाकल्यावर पहिला दाणा उडायला लागतो ना, तेवढा वेळ.

पहिला दाणा जैतू. म्हणाला, 'बाई, एकीला जाऊ?' मी म्हटलं जा. झालं! पनवेलमधल्या यच्चयावत मुलांना त्याच क्षणी एकीला लागली. मी म्हटलं एकेकटे जा, तर जैतू दाराशी उभा राहून म्हणतो, 'एकला नाय जायाचा, तिकडं कुत्रा हाय.' म्हटलं बरं, दोघे जा, तर दोघांना सोबत म्हणून चौघे. तेवढ्यात इकडून, बाई, हिने माझं खोडरबर घेतलं. तिकडून, बाई, हे माझंच आहे, हिने वाढदिवसाला दिलं होतं आणि आता भांडण झालं म्हणून परत मागते. बाई, हा माझ्याकडे बघतोय. बाई, मी नाही बघत, मी खिडकीकडे बघतोय, हीच खिडकीत बसलीय. बाई, याने माझ्या डब्यातला लाडू खाल्ला. मी म्हटलं, डबा तर मघाशी खाऊन झाला ना, तर म्हणते, हा काल खाल्ला होता... कालचा लाडू! मी कालचा लाडू कुठून आणू?

मग मला आठवलं की वर्गाला मॉनिटर असतो. सत्यजीत. चष्मा, भांग पाडलेला, एकदम शहाणा. म्हटलं, सत्यजीत, बोलणाऱ्यांची नावं लिही फळ्यावर. तो जसा खडू मिळायची वाटच बघत होता. लिहायला लागला, लिहायला लागला, अक्षर सुरेख हो पोराचं, पण एकेका नावाला आडनाव, आडनावाला रेघ... आणि ज्याचं नाव लागलं त्याला वाटायला लागलं, आता लागलंच आहे नाव, तर बोलून घेऊ. फळा भरला. सत्यजीत माझ्याकडे वळून म्हणाला, 'बाई, जागा संपली. तुमचं नाव कुठे लिहू?'

म्हटलं, माझं का?

'तुम्हीच सगळ्यात जास्त बोलताय.'

तुम्हाला सांगते, मला रडू यायचं बाकी होतं. एक डोळा मोठ्या बाईंच्या खोलीकडे. शेवटी मी हत्यार काढलं. म्हटलं, भोईर बाईंना सांगेन हं. तर अख्खा वर्ग एका सुरात, 'त्या गेल्याऽऽत.' मग मी दुसरं काढलं, बाकावर चढून उभ्या असलेल्या कुंदनला म्हटलं, कुंदन, तुझ्या आईला सांगेन. कुंदनची आई आलीय का इथे कट्ट्यावर? नाही ना? बरं. तर तो म्हणाला, 'सांगा की. माझी आई तुमच्याच शेजारी पोळ्या लाटते, ती म्हणते पूर्वीची आई मला घाबरते.'

मग आता कुणाला सांगायचं? तुम्हीच सांगा. वरती कुणी उरलंच नाही! बाई गेलेल्या, आया नुसत्या नावाच्या, आणि मोठ्या बाईंना सांगावं तर माझंच मरण.

आणि ह्या सगळ्यात माझी पूर्वी काय करत होती? गप्प. अजूनही हाताची घडी, तोंडावर बोट. पण ती बघत होती. मी तिला बघत होते आणि ती मला बघत होती, आणि मला दिसलं हो, तिच्या डोळ्यांत ते हळूहळू उतरताना दिसलं... की हिला कुणीच घाबरत नाही. हिला जैतू घाबरत नाही, हिला कुंदन घाबरत नाही. मग मीच एकटी काय म्हणून घाबरते?

आणि तिने तोंडावरचं बोट काढलं.

मला वाटलं, गेलं. सोमवारपासून दुपार. ती उठली, बाकावरून बाहेर आली, सरळ फळ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, 'ए, गप्प बसा. मी माझ्या आईची गोष्ट सांगते.'

आणि गप्प बसले. सगळे! जैतू दारातून आत आला आणि खाली बसला, एकीला न जाता.

'माझी आई,' पूर्वी म्हणाली, 'बाईंना खोटा फोन लावते.'

टेबलावरची पट्टी मघाशी हातात घेतली होती, ती खाली पडली.

'मी दुधी नाही खाल्ला की लावते. पण फोनची स्क्रीन काळीच असते. मला दिसते. मग ती म्हणते, हो बाई, हो बाई.' आणि तिने माझा आवाज काढला, माझी मान काढली, ओढणी सारखी करायची माझी पद्धत काढली. वर्ग असा ऐकत होता की पंख्याचा आवाज येत होता. मी दाराकडे बघितलं, पोरीला थांबवावं तर ओरडावं लागणार, ओरडले तर आवाज खोलीपर्यंत जाणार, आणि नाही थांबवलं तर... सांगू तरी कुणाला? मी काय केलं माहितीय? मलाही कळलं नाही मी कधी केलं. हाताची घडी घातली आणि तोंडावर बोट ठेवून उभी राहिले.

ती सांगतच होती. एकदा आई बाईंशी बोलत होती आणि फोन खरंच वाजला, तर आई घाबरून म्हणाली, अगं बाई, बाई! वर्ग हसला, पण कसा, हात तोंडावर धरून, पुढचं चुकायला नको म्हणून. आई मालिका बघून रडते आणि बाबा आले की कांदा हातात घेते. आजी यायची असली की आई फ्रिज पुसते. कुंदन म्हणाला, 'मग दुधी का खातेस, फोन खोटा असतो तर?'

तुम्हाला सांगते, हा प्रश्न माझ्याही मनात आला होता.

पूर्वी म्हणाली, 'आईला बरं वाटतं म्हणून.'

...

थांबा, घोटभर पाणी द्या कुणीतरी.

तर तिथंच थांबली असती तरी चाललं असतं. पण ती थांबते का? म्हणाली, माझी आई सकाळी भाकरी करताना माझं इंग्रजीचं पुस्तक डब्याला टेकवून ठेवते. एक भाकरी थापते, एक स्पेलिंग म्हणते. बटरफ्लाय तिला अजून येत नाही. मी जागी असते, पण मी झोपायचं नाटक करते, कारण मी उठले की ती पुस्तक लपवते.

आता हे कुणाला माहीत नव्हतं हो. नीलेशलासुद्धा नाही. मला एवढंच होतं की उद्या हिने काही विचारलं आणि मला आलं नाही तर... जाऊ दे. मी आपली बोट तोंडावर ठेवून भिंतीवरच्या त्या तक्त्यातल्या गाईकडे बघत उभी राहिले. ती गाय खरंच ऐकते असं वाटतं हं. पोरीचं काही चूक नाही.

आणि मग पूर्वीने हात मागे बांधले, शाळेच्या परिपाठात प्रार्थनेनंतर बोधकथा सांगतात ना तसे, आणि म्हणाली, 'तात्पर्य. आईच्या फोनची स्क्रीन काळी असेल तर घाबरू नये, पण दुधी खावा.'

मागून टाळ्या वाजल्या. दारात मोठ्या बाई.

किती वेळ उभ्या होत्या, काय काय ऐकलं, कोण जाणे, मला विचारायची छाती झाली नाही. त्यांनी वर्ग बघितला, चाळीस मुलं, एक आवाज नाही. फळ्यावर नावं बघितली, त्यांना वाटलं मी हजेरी घेतली. माझ्याकडे बघितलं, हाताची घडी, तोंडावर बोट, त्यांना वाटलं मी मुलांना करून दाखवतेय. म्हणाल्या, 'वा. एवढा शांत वर्ग मी या शाळेत बघितला नव्हता. हिला दुपारच्या वर्गात कोण पाठवत होतं?' मी बोट काढलंच नाही तोंडावरचं. त्या म्हणाल्या, 'पूर्वी सकाळीच राहील. परिपाठ सकाळच्या वेळेत असतो. उद्यापासून बोधकथा पूर्वी सांगेल.'

झालं ना मनासारखं? माझी सकाळ वाचली, माझा पोळपाट वाचला, पोरगी त्याच वर्गात राहिली. भोईर बाई दुसऱ्या दिवशी फाटकात भेटल्या, म्हणाल्या, पूर्वीची आई, जमवलंत हो तुम्ही, आणि मग जरा हळू म्हणाल्या, 'पहिलीचं पुस्तकपण देऊ का? बटरफ्लाय त्यात चित्रासकट आहे.' म्हणजे तिथवर पोचलं! कोण म्हणतं पनवेल मोठं झालंय? मी पुस्तक घेतलं. आता लपवायचं कुणापासून?

पण बोधकथा रोज असते हो. रोज! आणि रोज नवीन गोष्ट आणायची कुठून? घरातून. आता घरात जरा काही झालं की ती डोळे बारीक करून बघते, ओठ हलवते, मनात मांडून ठेवते. परवा नीलेशने ओला टॉवेल गादीवर टाकला, ती ओरडली नाही, काही नाही, नुसतं म्हणाली, 'बाबा, तात्पर्य.' तो उठला आणि टॉवेल वाळत घालून आला. लग्नापासून माझ्याच्याने झालं नाही ते. आमचं भांडण झालं तर आम्ही खुणांनी भांडतो. सासूबाई नेऱ्याहून आल्या, शेजारणीची काहीतरी गंमत सांगायला तोंड उघडलं, मग नातीकडे बघितलं आणि म्हणाल्या, 'माजा काय नाय, मी आपली भाजी निवडते.' एवढी शिस्त आली घराला, बघाल तर बघत राहाल. फक्त जिला लावायची होती तिला सोडून सगळ्यांना लागली.

काल दुधी केला. ती म्हणाली, नको. मी तोंड उघडलं, अजून काही बोललेही नव्हते, फोनकडे हातसुद्धा नेला नव्हता, आणि ती गोड आवाजात म्हणते, 'आई, परिपाठाला सांगेन हं.'

दुधी मी आणि नीलेशने संपवला. गपचूप.

झाली का घंटा? आली बघा, ती काय, पुढेच आहे, सत्यजीतला काहीतरी सांगतेय आणि तो वहीत लिहून घेतोय. आता तुम्ही पटकन काहीतरी दुसरं बोला, ऊन बोला, रिक्षा बोला, मी इथं काय बोलले ते तिला कळलं तर उद्याची गोष्ट हीच. आणि विचारलंच तिने, तर ऐका, सगळ्यांनी एकदम...

हाताची घडी, तोंडावर बोट.